रानडे रस्त्यावर मान वर करून

दादर पश्चिमेच्या रानडे रस्त्यावरून मान वर करून कोणी चालत नाही. चालता येतही नाही. पायाशी फेरीवाल्यांच्या ताडपत्र्या, समोरून येणाऱ्या बाईच्या दोन्ही हातांत पिशव्या, मागून हातगाडीवाल्याचा ‘बाजू, बाजू’चा पुकारा. नजर उरते ती कमरेपासून डोक्यापर्यंतच्या पट्ट्यात, म्हणजे नेमकी दुकानाच्या काचेच्या उंचीवर. साड्या, भांडी, पूजेचे साहित्य, दिवाळीत आकाशकंदील. या रस्त्यावर तीस वर्षे लग्नाचे बस्ते बांधणाऱ्या माणसाला विचारावे, की तुमच्या नेहमीच्या दुकानावर किती मजले आहेत, तर तो बहुधा थबकेल. मला एकदा कोणी विचारले तेव्हा मी थबकलो होतो.

म्हणून एका रविवारी सकाळी साडेसातला, दुकानांची शटरे उघडण्यापूर्वी, मराठीच्या पदव्युत्तर वर्गातल्या बारा विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही दोघे शिक्षक या रस्त्यावर गेलो. हल्ली अशा भटकंतीला ‘हेरिटेज वॉक’ म्हणतात. आमचे निमित्त मात्र पाठ्यक्रमातले होते. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) वर्गात वाचून झाले होते. शहर पायी फिरून, रस्ते, देवळे, बाजार, शाळा यांची नोंद करत गद्य लिहायचे, ही सवय मराठीला लावणाऱ्या पुस्तकांत ते अग्रभागी आहे. ते वाचल्यावर निदान एक रस्ता तरी तसा पाहावा, एवढाच हेतू. स्टेशनाबाहेर पडताच एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘पण सर, इथे हेरिटेज काय आहे?’’ प्रश्न रास्त होता. फोर्टात बोट दाखवायला मनोरे असतात, घुमट असतात. इथे बोट दाखवायचे ते कशाकडे?

सुरुवात स्टेशनासमोरच्या उड्डाणपुलापासून केली. त्याच्या आश्रयाने पहाटेपासून फुलांचा बाजार भरतो आणि पुलाला नाव आहे कवी केशवसुतांचे. झेंडूच्या ढिगांमागच्या खांबावर ‘तुतारी’च्या कवीचे नाव वाचून विद्यार्थी हसले. हसू ओसरल्यावर एक जुळणी त्यांच्यापुढे ठेवली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्या साथीच्या धास्तीने मुंबई सोडणाऱ्या असंख्यांत कृष्णाजी केशव दामले हे शिक्षकही होते. पुढे १९०५ मध्ये हुबळीला ते प्लेगनेच गेले. याच प्लेगनंतर, दाटीवाटीच्या वस्त्या मोडून शहर उत्तरेकडे सैल करण्यासाठी, सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला आणि त्याच्या योजनांतून रुळांच्या पूर्वेला दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या गेल्या. केशवसुतांना मुंबईतून घालवणारी आणि दादरला शहराशी जोडणारी साथ एकच. पुलाला नाव देणाऱ्यांच्या मनात हे असेल असे मला वाटत नाही, पण रस्त्यावरची नावे अशी नकळत बरोबर बसतात कधीकधी.

आज दादरला उपनगर म्हटले तर दादरकर रागावतील. कायद्यानेही ते शहरच आहे, उपनगर जिल्हा माहीम-शीवच्या पलीकडे सुरू होतो. पण विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत गिरगावातून इथे राहायला येणारा माणूस उपनगरातच येत होता. हा सगळा भाग माहीमच्या माडांच्या वाड्यांचा आणि शेतांचा. भंडारी, कोळी, आगरी, पाठारे, ईस्ट इंडियन ख्रिस्ती यांचा. पूर्वेला ट्रस्टने जमीन ताब्यात घेऊन चौकोनी आखणी केली. पश्चिमेला १९१५ च्या नगररचना कायद्याखालच्या योजनांनी वाड्यांचे तुकडे नव्याने मांडून भूखंड पाडले. पुनर्विकासाच्या फलकांवर आज जो ‘अंतिम भूखंड क्रमांक, माहीम विभाग’ असा मजकूर दिसतो, तो त्या मांडणीचा अवशेष आहे. विद्यार्थ्यांनी पहिली वारसा-नोंद टिपली ती अशी एका बिल्डरच्या पत्र्यावरून.

मग रानडे रस्त्यावर आलो आणि सर्वांना समोरच्या पदपथावर उभे करून सांगितले, की आता फक्त वर पाहा.

खाली दुकान. दुकानाच्या छताखाली मालाचा पोटमाळा. त्यावर, पाट्यांच्या आणि वातानुकूलन यंत्रांच्या वर, अचानक एक वेगळेच शतक सुरू होते. लाकडी कठड्याच्या सज्जा, खाली कोरीव घोडे. त्याला लागून तीसच्या-चाळीसच्या दशकातली सिमेंटची इमारत, तिचा कोपरा काटकोनात न मोडता वळवलेला, खिडक्यांवर ओळीने पातळ छज्जे, जिन्याच्या जागी तळापासून गच्चीपर्यंत गेलेली उभी जाळी. मरीन ड्राइव्हला पर्यटक ज्याचे फोटो काढतात त्याच आर्ट डेको शैलीचे हे मध्यमवर्गीय, काटकसरी रूप. तिथली ओव्हलभोवतीची रांग २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. इथल्या छज्जांवर तुळस आहे, गाद्या वाळताहेत आणि एका कोनाड्यात मोडकी सायकल उभी आहे. पहिल्या मजल्यावर दंतवैद्याची, क्लासची, वधूवर सूचक केंद्राची अशा पाट्या, आणि दुसऱ्यावर माणसे राहतात.

या वरच्या मजल्यांवर जे घडले त्याला आपल्या भाषेत एक शब्द आहे: ‘ब्लॉक’. चाळीतली खोली आणि ब्लॉक यांच्यातला फरक क्षेत्रफळाचा कमी आणि दाराचा जास्त. ब्लॉकचे दार लावले की आत सगळे असते. स्वयंपाकघर, न्हाणी आणि, सर्वांत महत्त्वाचे, संडास. निखिल राव यांनी दादर-माटुंग्याच्या घडणीवरच्या आपल्या इंग्रजी अभ्यासात (२०१३) दाखवले आहे, की मुंबईच्या उपनगरी फ्लॅटची खरी ओळख ही घरातला संडास होती, आणि सोवळ्याओवळ्याच्या कल्पना घेऊन आलेल्या वरच्या जातींच्या कुटुंबांना तो घरात घेणे सोपे गेले नाही. स्वयंपाकघर आणि संडास एका छपराखाली, एका उंबऱ्याच्या आत! आज हे वाचून हसू येते. पण या इमारतींच्या मागच्या बाजूला गेले की ती सगळी तडजोड उभी दिसते. मोरी-संडासांचा भाग शक्य तितका मागे रेटलेला आणि काही ठिकाणी सफाई कामगारासाठी मागून वेगळा गोल जिना. इमारतीच्या दर्शनी भागात आधुनिकता आणि पाठीमागे जात, असे दोन्ही एकाच नकाशात बसवलेले. स्थापत्याच्या पुस्तकांत वक्राकार सज्जांची छायाचित्रे असतात. त्या जिन्याचे छायाचित्र मी अजून कुठे पाहिलेले नाही.

इथे वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांसाठी एक मुद्दा आहे, तो वादग्रस्त आहे हे मान्य करून मांडतो. चाळ मराठी साहित्यात आली आणि मानाने बसली. ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) नंतर तर चाळीचे स्मरणरंजन हा स्वतंत्र उद्योग झाला. ब्लॉकला मात्र आपण वास्तू म्हणून कधी वाचलेच नाही. त्याला सरळ ‘मध्यमवर्गीय जीवन’ असे भाववाचक नाव देऊन मोकळे झालो. चाळीच्या कथेत माणूस गॅलरीत असतो, त्याला शेजारी असतो, प्रेक्षक असतो. १९४५ नंतरच्या नवकथेत, गाडगीळ-गोखले यांच्या पिढीच्या कथेत, माणूस वारंवार बंद दाराच्या आत सापडतो. तो मनाशी बोलतो. घराच्या नकाशावरून वाङ्मयप्रकार सिद्ध होत नाही हे मला ठाऊक आहे; युद्ध, महागाई, पाश्चात्त्य कथेचे वाचन ही कारणे भक्कम आहेतच. पण मनाशी बोलण्यासाठी आधी दार लावता यावे लागते, आणि मराठी पांढरपेशाला ते दार नेमके याच दशकांत, अशाच इमारतींत मिळाले. माझ्या सहकाऱ्यांनी तिथेच रस्त्यावर याला विरोध केला. त्यांच्या मते मी दुकानांच्या वर पाहता पाहता फारच वर गेलो होतो. असो.

शेजारच्याच गल्लीतल्या छबिलदास शाळेपुढे मात्र कोणालाच काही सिद्ध करावे लागले नाही. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘आविष्कार’ने १९७४ पासून या शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले आणि पुढच्या दीड दशकात ‘छबिलदास’ हे शाळेचे नाव न राहता नाट्यचळवळीचे नाव झाले. अरविंद आणि सुलभा देशपांडे, सत्यदेव दुबे, अमोल पालेकर यांच्या नाटकांबद्दल विद्यार्थ्यांनी वाचलेले असते. ते कुठे झाले याचे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे नसते. ही इमारत नाट्यगृह नव्हे. रंगमंचाचा थाट नाही, विंगांची सोय नाही. होती ती चार भिंतींची मोकळी जागा, परवडणारे भाडे, आणि पश्चिम व मध्य या दोन्ही रेल्वेमार्गांवरून येणाऱ्या प्रेक्षकाला चालत पाच मिनिटांत गाठता येणारे ठिकाण. प्रेक्षकांत आणि नटांत अंतर नसलेल्या नाटकाबद्दल आपण तात्त्विक पानेच्या पाने लिहितो. त्या तत्त्वाचा एक भाग जागेच्या अडचणीतून आलेला आहे. पुढे ‘आविष्कार’ला माहीमच्या महापालिका शाळेत जावे लागले, आणि ‘छबिलदास’ हा शब्द समीक्षेत उरला. दारासमोर आम्ही उभे होतो तेव्हा एक फेरीवाला लोखंडी पलंगावर मोजे मांडत होता. आमची गर्दी गिऱ्हाइकांची नाही हे कळल्यावर त्याने सौम्यपणे सरकायला सांगितले.

पुढे रानडे रस्ता गोखले रस्त्याला छेदतो. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि त्यांना गुरू मानणारे गोपाळ कृष्ण गोखले इथे एकमेकांना भेटतात, आणि त्या भेटीवर कायम वाहतूक खोळंबलेली असते. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने रानड्यांच्या पाटीखाली क्षणभर थांबावे. १८७८ साली पुण्यात पहिली ग्रंथकार सभा भरवण्यात त्यांचा पुढाकार होता. आजच्या साहित्य संमेलनांचा वंशवृक्ष तिथून सुरू होतो. १८८५ च्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण आल्यावर जोतीराव फुल्यांनी ते नाकारणारे पत्र पाठवले, त्या पत्राचा पत्ताही रानड्यांच्या वर्तुळाचाच. वर्गात हे पत्र शिकवताना मी दरवेळी सभेबद्दल बोलतो. त्या दिवशी रस्त्याबद्दल बोललो. नावे कोणाची लागतात? मोठ्या बाजाररस्त्यांना रानडे, गोखले, नरसिंह चिंतामण केळकर. आणि इथून जवळच, पोर्तुगीज चर्चच्या बाजूला, सी. के. बोले यांचा रस्ता.

सीताराम केशव बोले हे या माडांच्या मुलखातलेच भंडारी पुढारी. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी मांडलेल्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याची शिफारस झाली. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाला ज्या ठरावाचा आधार होता तो हाच. १९२६ साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांना पूजेचा अधिकार मिळावा असा आग्रह धरला गेला, वाद पेटला, आणि त्याच वर्षी दादरला सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू झाला. प्रबोधनकार ठाकरे यांनी ‘माझी जीवनगाथा’मध्ये ही हकीकत सविस्तर दिली आहे. ज्या रस्त्यावर आज नवरात्राच्या आदल्या आठवड्यात घट, परड्या आणि नऊ रंगांच्या साड्या विकल्या जातात, त्या परिसरातल्या नवरात्राला असा जन्मइतिहास आहे. तो कोणत्याही भिंतीवर लिहिलेला नाही. बोले रस्त्याने रोज हजारो भाविक सिद्धिविनायकाला जातात, आणि बोले कोण हे आमच्या बारा जणांपैकी एकाला माहीत होते.

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर चहा घेतला. हे मैदान १९२५ मध्ये ‘माहीम पार्क’ म्हणून खुले झाले आणि १९२७ मध्ये, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने, त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. त्याच अवंतिकाबाई, ज्यांनी १९१८ मध्ये गांधीजींचे मराठी चरित्र लिहिले आणि ज्याला लोकमान्यांची प्रस्तावना आहे. पण कट्ट्यावर बोलणे झाले ते दुसऱ्याच गोष्टीचे. मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची, देशातली अशी पहिली. २०१२ मध्ये यादी वाढवण्याचा प्रस्ताव आला, त्यात शिवाजी पार्कभोवतीच्या इमारतींचा परिसरही होता. रहिवाशांनी कडाडून विरोध केला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष त्यांच्या बाजूने उभे राहिले. विरोधाचे कारण साधे होते: वारशाचा शिक्का बसला की पुनर्विकास अडतो. त्याउलट, याच बाजारपेठेतला १९३३ चा कबुतरखाना वारसा यादीत आहे. तिथे दाणे टाकण्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये महापालिकेने ताडपत्री टाकली तेव्हा ती फाडायला जमाव आला. बाजूच्या राहत्या इमारती एकामागून एक पाडल्या जातात तेव्हा कोणी येत नाही. खरे तर येणाऱ्यांनीच त्या पाडायला संमती दिलेली असते.

याला रहिवाशांचा करंटेपणा म्हणणे सोपे आहे, आणि वारसाप्रेमी लेखांत ते सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. या इमारतींच्या आयुष्यात एक तारीख दोनदा येते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडे धरले ते १ सप्टेंबर १९४० रोजी जे होते ते. आणि १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झाले, इमारतींवर उपकर बसला, तेव्हा ‘अ’ वर्गात गेल्या त्या १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या. थोडक्यात, या रस्त्यावरचे घड्याळ कायद्याने त्या दिवशी थांबवले. भाडे गोठले म्हणून मालकाने डागडुजी सोडली, इमारत कुजू लागली. भाडे गोठले म्हणूनच ती पाडून नवी बांधण्यात कोणाला रस नव्हता, ती टिकली. शिक्षक, कारकून, नट, प्रूफरीडर, वाचनालयाचे ग्रंथपाल स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर राहू शकले तेही त्यामुळेच. दादरचे सांस्कृतिक जीवन म्हणून आपण ज्याचा गौरव करतो, त्याच्या मुळाशी हे न वाढलेले भाडे आहे. १९९१ च्या नियमावलीतल्या ३३(७) कलमाने बिल्डरला वाढीव बांधकाम दिले आणि घड्याळ पुन्हा सुरू झाले. आता दरवर्षी पावसाळ्यापूर्वी म्हाडा अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी काढते. छतातून पाणी गळत असलेल्या घरात राहणाऱ्याला छज्जाच्या वळणाचे सौंदर्य समजावून सांगण्याचे धैर्य माझ्यात नाही.

परतताना गडकरी चौकातून केळकर रस्त्याने आलो. ‘एकच प्याला’च्या लेखकाचे नाव त्या चौकाला आहे हे तिथून रोज जाणाऱ्यांना ठाऊक असते की नाही, देव जाणे. शिवाजी मंदिर पाहिले: खाली दुकाने, वर १९६५ पासूनचे नाट्यगृह. पुन्हा तीच रचना. समोर प्लाझा, शांताराम बापूंचे, आणि १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांतल्या ठिकाणांपैकी एक. इथे विद्यार्थी थकले होते, मीही जास्त बोललो नाही.

शेवटी एका इमारतीत शिरलो. ओळखीतून परवानगी घेतली होती; नाव देत नाही. दोन दुकानांच्या मधून खांदा तिरका करूनच आत जावे लागते, मग एकदम उंच लाकडी जिना. जुन्या मराठीत आणि गुजरातीत ‘दादर’ म्हणजे जिनाच. पायऱ्यांचे सागवान मधोमध झिजून खळगे पडलेले. पहिल्या मजल्यावर लोखंडी टेकू. भिंतीवर टपालपेट्यांची रांग, त्यांतल्या निम्म्यांवरची नावे खरवडलेली. एका विद्यार्थ्याने उरलेली नावे वहीत उतरवून घेतली.

दुसऱ्या मजल्यावर दार उघडे होते. ऐंशी पार केलेल्या एका आजींनी चष्मा सारखा करून आम्हा चौदा जणांकडे पाहिले.

‘‘म्हाडाकडून आलात, की बिल्डरकडून?’’

‘‘कॉलेजातून आलोय, आजी. मराठीचे विद्यार्थी.’’

‘‘मराठीचे ना? बरे झाले,’’ असे म्हणून त्या आत गेल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीतून कागद घेऊन आल्या. पुनर्विकासाचे संमतिपत्र होते. ‘‘मुलगा म्हणतो सही कर. मी नाही म्हणत नाही. पण हे मला नीट वाचून दाखवा.’’

ज्या विद्यार्थिनीने सकाळी हेरिटेज काय आहे असे विचारले होते, तिने ते उंबऱ्यात उभे राहून मोठ्याने वाचले. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘यापुढे ज्यांचा उल्लेख भाडेकरू असा करण्यात येईल’. आजी डोळे मिटून ऐकत होत्या. वाचन संपल्यावर म्हणाल्या, ‘‘सगळे कळले. पण किती वर्षांत परत आणणार, ते कुठे आहे?’’

आम्ही कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला, या वेळी दोघा शिक्षकांनी मिळून. ते कुठेही लिहिलेले नव्हते.